पुरुषांची चटई

लटारूभाऊ,

बा गेला. तू भद्रावतीहून आला नाई, अन् गावातले माणसंबी आले नाई. देव सोडून चर्चमंधी गेलेल्या म्हाताऱ्याले खांदा देत नाई, म्हणे. शेवटी मी अन् चर्चच्या तीन बायांनी बाची पेटी उचलली. त्यातली दुर्गाकाकू पार थकली, पण तिनं खांदा सोडला नाई.

चर्चमंधी डावीकडं बाया बसतात, उजवीकडची चटई पुरुषांची. तिच्यावर बा अन् मीच बसत होतो. गावातले पोट्टे मले बायकी म्हणत, म्हणून बायांनी बोलावलं तरी मी तिकडं सरकलो नाई.

आज रविवारी त्या चटईवर मी एकटाच. उठलो, ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवली अन् दुर्गाकाकूजवळ जाऊन बसलो. तिनं सरकून मले जागा केली.

हे पत्र टाकत नाई. तू हासशील, अन् मले आता भांडायची ताकद नाई. कधी आलाच तर चटई कोपऱ्यात आहे. तुझी तू अंथर.

तुझा लहाना,
आदेश