दीड अंशाचं वचन आणि माझी वारस

मी, साधना सूर्यकांत टिपणीस, वय ६३, राहणार अल नहदा, शारजा. डोकं शाबूत आहे, दबाव कोणाचाही नाही. माझ्या पश्चात वाद नकोत म्हणून हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. कोथरूडचा फ्लॅट पती सूर्यकांत यांच्या हयातीत त्यांच्याकडे व नंतर मुलगी मिहिका हिच्याकडे राहावा. भाडेकरू बाईंना काढू नये, भल्या आहेत.

२. देशांनी पॅरिस हवामान करारात दिलेल्या वचनांशेजारी त्यांची प्रत्यक्ष धोरणं मांडायची आणि पृथ्वी किती तापेल याचा अंदाज काढायचा, हे माझं दुबईत देऱ्यातल्या ऑफिसातलं काम. ‘सध्याच्या धोरणांनी दीड अंशाचं वचन पाळलं जाणार नाही’ हे माझं वाक्य आमचे प्रमुख निनाद यांनी अहवालातून कापलं. म्हणाले, “मॅडम, क्लायंटला निगेटिव्ह नको.” मी अहवालावरचं माझं नाव काढायला लावलं आणि राजीनामा दिला. सबब निनाद यांना माझ्या मिळकतीतून काहीही मिळू नये. त्यांनी मागितलेलं नाही, तरी नोंद असावी.

३. माझ्या सोन्याच्या बांगड्या शेजारीण कुलसुम हिला द्याव्यात. ती नको म्हणेल, ऐकू नये. एप्रिल २०२४ च्या पावसात आमच्या रस्त्याचं तळं झालं. लिफ्ट बंद, आणि ह्यांचं डायलिसिस चुकलेलं. कुलसुमचे यजमान यूनुसभाई यांनी ह्यांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली आणलं, कुणाच्या तरी रबरी होडीत ठेवलं. कमरेएवढ्या पाण्यात मिहिका माझ्यावर ओरडली, “मॉम, ऑल युवर टार्गेट्स! लुक ॲट धिस!” यूनुसभाई म्हणाले, “भाभी, आधी होडी ढकला. यल्ला!” आम्ही ढकलली. हे वाचले.

४. माझी सर्व बचत मिहिकाला मिळावी. ती एसीची इंजिनियर. त्या पुरानंतर तिने काचेच्या टॉवरांचं काम सोडलं. आता जुन्या इमारती कमी विजेत थंड कशा राहतील ते बघते. सरकारने वीजबचतीचे नियम केले म्हणून तिला हे काम मिळतं. “मॉम, पॉलिसी इज माय मंडे मॉर्निंग,” म्हणते. एवढं सोपं मला कधी मांडता आलं नाही. बचतीतून तिने स्वतःची कंपनी काढावी, ही इच्छा आहे, अट नाही.

५. मी या कामाला लागले तेव्हा अंदाज चार अंशांकडे झुकत होता. आज तो तीनच्या खाली आला आहे. दीड अजून दूर आहे आणि धोरणं अजून अपुरी आहेत. पण आलेखावरची ती रेघ आपोआप वाकली नाही, माणसांनी वाकवली, पुढेही वाकवतील. अनेक देशांनी कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यासाठी २०५० चा वायदा केला आहे. तेव्हा मी नसेन. ‘वचन पाळलंत का?’ असं २०५० साली विचारण्याचा माझा हक्क मी मिहिकाला देते.

दुरुस्ती: हे वाचून दाखवल्यावर मिहिका म्हणाली, “व्हाय वेट?” सबब कलम ५ मधील ‘२०५० साली’ हे शब्द रद्द समजून तेथे ‘दरवर्षी’ असे वाचावे.

सही: साधना सूर्यकांत टिपणीस

आमच्यादेखत सही केली:
डॉ. हुमेरा परकार, अल मनखूल, दुबई (सही)
सुयश राजाध्यक्ष, अल नहदा (सही)

स्थळ: शारजा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५