यमुनेचे दोन हॅड

१२ डिसेंबर १९५६, इंदापूर
अकरावीचे इंग्रजीचे पेपर परत दिले. वरकुट्याच्या यमुनेला ३३, दोन मार्कांनी गेली. पूर्ण भूतकाळाच्या प्रश्नात तिनं दोन वाक्यांत ‘हॅड’ दोनदा लिहिलेला. ‘ही हॅड हॅड हिज मील बिफोर आय केम.’ लाल शाईनं एकेक उडवला होता. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हटलं, “काय गं, पाव्हणा एकदा जेवला का दोनदा?” वर्ग हसला. मीही. ती उभीच होती. ‘बस’ म्हणायचं राहून गेलं.

१५ डिसेंबर
हेडसरांनी नोटीस लावली. नापासांचे मॅट्रिकचे फॉर्म बोर्डाकडे जाणार नाहीत. यमुना कालपासून शाळेत नाही. मधल्या सुट्टीत पोरं ‘हॅडहॅड’ म्हणत होती. तिचंच नाव पाडलंय. ओरडायला हवं होतं. डबा उघडून बसलो.

१६ डिसेंबर, रविवार
एस.टी.नं बारामतीला. माझे जुने इंग्रजीचे मास्तर गोविंदराव यांच्याकडे चहा. गंमत म्हणून यमुनेचं वाक्य सांगितलं. ते हसले नाहीत.
“पूर्ण भूतकाळ कसा करतोस?”
“आधी घडलेल्या क्रियेला हॅड, पुढं क्रियापदाचं तिसरं रूप.”
“बरोबर. ‘टू हॅव’चं तिसरं रूप काय?”
“हॅड,” म्हणालो, आणि तिचं वाक्य डोळ्यांपुढं आलं.
पहिला हॅड काळाचा, दुसरा जेवण्याचा. दोन्ही हवेत. नियम मीच शिकवला. तिनं तो पाळला. मला तो पाळलेला ओळखू आला नाही.
गोविंदरावांनी विचारलं, “किती वर्षं झाली शिकवतोयस?” पाच म्हणालो. त्यांनी माझा कप पुन्हा भरला. रागावले असते तर बरं.

१७ डिसेंबर
हेडसरांकडे गेलो. रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरलो आणि म्हणालो, “बेरजेत चूक झाली, यमुनेला ३५ आहेत.” बेरजेत! ते म्हणाले, “होतं असं. परवा सकाळपर्यंत तिची आणि वडिलांची सही आणा, फॉर्म घालू.” वर ‘प्रामाणिकपणे सांगितलंत’ असंही. मान खाली घालून बाहेर आलो.

१८ डिसेंबर
शाळा सुटल्यावर सायकलनं वरकुट्याला. तिचे वडील, तात्या, बाजाराला वांग्यांच्या पाट्या भरत होते. यमुना किडकी वांगी बाजूला काढत होती. उठली, पण जवळ आली नाही. बेरजेचीच गोष्ट ओठांवर आली. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, मग नाही सांगवली.
“यमुना, तुझं बरोबर होतं. मलाच येत नव्हतं.”
“ठावं हाय, सर.”
“मग बोलली का नाहीस?”
“तुमी हसत व्हता.”
तात्यांनी पाटी खाली ठेवली. “म्हंजी पोरगी पास हाय?”
“होय. फॉर्मवर सही पाहिजे.”
“आवो मास्तर, नापास झाली म्हणून आमी काल पाव्हण्यास्नी शब्द दिला. सोमवारी कुंकू लावाया येनार हायती. आता त्येंनी न्हाय म्हणलं शिकाया, तर?”
मी फॉर्म पुढं केला. यमुनेनं हात लुगड्याला पुसले, कागद घेतला, सही केली. मग तात्यांनीही केली. “पाव्हण्यास्नी इचारतो,” एवढंच.
पाणी विचारलं. घेतलं. सायकल काढली.

१९ डिसेंबर
फॉर्म गेला. मग हेडसरांना खरं सांगितलं. ते दार लावून म्हणाले, “माझ्याजवळ बोललात ते पुरे. वर्गात बोलू नका, उद्या तुमचं कोण ऐकेल?”
त्यांचं चुकीचं नाही. तेच तर वाईट. मलाही तसंच वाटत होतं.

२१ डिसेंबर
पहिल्याच तासाला फळ्यावर तिचं वाक्य लिहिलं, दोन्ही हॅडसकट. म्हणालो, “हे बरोबर आहे. मी चुकीचं खोडलं, आणि तिला हसलो.” कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं झालं असतं. मुलींच्या बाकावर तिची जागा मोकळी. जिच्यापुढं बोलायचं तीच नव्हती.
तिच्याशेजारी बसणाऱ्या शांतानं विचारलं, “सर, यमी परत येनार का?”
ठाऊक नाही म्हणालो.