नाना, ही मूळव्याध नाही

धुळे, जानेवारी १९५७

त्या सकाळी मी गोठा झाडला, शेण्या थापल्या, बंब पेटवला आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं, तोच अंगणात भिकनभाऊजी केळीच्या घडासकट खाली बसले. पडले नाहीत, बसले. घड मांडीवर, चेहरा चुन्यासारखा. वर मलाच म्हणाले, “वहिनी, भाकरी करपतेय.” (अजून तव्यावर टाकलीही नव्हती.)

तर नाना, नमस्कार करायचा राहिला. तीर्थरूप पितांबरनानांस धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. तुमचा दमा आणि म्हशीचा खूर दोन्ही उतारावर असतील, जाऊबाईंचे गुडघे ठीक असतील. मी संतापलेली आहे म्हणून क्रम चुकला.

भाऊजींना महिनाभर रक्त जातंय, गर्भाशयाचं दुखणं दिसतं, असं मी तुम्हाला निंभोऱ्याहून पाकिटात लिहून कळवलं. सावद्याहून तुमचं उत्तर आलं: पुरुषाला कसलं गर्भाशय? मूळव्याध असेल. मिरची बंद करावी, ताक पाजावं.

नाना, तुम्ही त्यांना परकर-पोलक्यात कडेवर घेऊन हिंडला आहात. ह्यांच्या पाठची तीन बाळं गेली, म्हणून सासूबाईंनी पुढच्या मुलीचं नाव भिकन ठेवलं. ती मुलगी अठराव्या वर्षी वेणी कापून, धोतर नेसून ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, मी पुरुष आहे, पहिल्यापासूनच. गल्ली जमली. सासूबाईंनी ज्वारी पाखडता पाखडता निकाल दिला, “पोरगाच होता तो. मरणाला चकवायला परकर नेसवला होता. आता नवस फिटला.” शेजारच्या उखर्डूच्या नाकातही, पोर जगावं म्हणून, दहाव्या वर्षापर्यंत मुलीसारखी मुरणी होती, त्यामुळे सगळ्यांना पटलं. सर्वांत जास्त तुम्हाला पटलं. पेढे तुम्ही वाटलेत. तेव्हापासून ही हकीकत तुम्ही इतक्यांदा सांगितलीत की आता तुम्हालाच ती खरी वाटते. भाऊजी पुरुष आहेत यात मला तिळभर शंका नाही. पण सासूबाईंच्या एका वाक्यानं त्यांच्या पोटातलं काही नाहीसं झालं नाही!

मुंबईच्या गिरणीत होते तेव्हा तिथल्या एका डॉक्टरांनी त्यांना पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. आवाज फुटला, मिशी आली, महिन्याचा त्रास थांबला. पुढे ते औषध पार्सलनं यायचं. गेल्या पावसाळ्यात ते येईना, त्रास परतला आणि मग थांबेचना. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गर्भाशयात मोठी गाठ आहे, गर्भाशय काढावंच लागेल.

जळगावला पिंप्राळ्यात तुमचे व्याही, म्हणून ओळखीचं कुणी नको अशा विचारानं मी धुळं निवडलं. एस.टी.तून उतरते तर समोर तुमच्याच गल्लीतले पारसमलशेठ, सरकीच्या कामाला आलेले. “क्यूं भिकनभाऊ, तबियत?” भाऊजी घाबरून म्हणाले, “मेरी नहीं, वहिनीची.” झालं. शेठ भला माणूस, आमच्याबरोबर दवाखान्यापर्यंत आला आणि आयाला बजावून गेला की बाईंना नीट सांभाळा. त्या बेबाबाईनं मला इतकं सांभाळलं की खाटेवर आडवं करून एनिमा दिला. मी ओरडतेय, पेशंट हे आहेत! ती म्हणते, “हाऊ ते माणूस शे! डरू नको बाई, बठ्ठ्या बाया आसंच सांगतस.” (म्हणजे हा तर पुरुष, आणि घाबरून सगळ्याच बाया असं सांगतात!) भाऊजी बाकावर बसून हसत होते. अंगात रक्त नाही, पण हसायला ताकद होती. पुढे बायकांच्या वॉर्डात मिशी चालेना आणि पुरुषांच्या वॉर्डात असलं ऑपरेशन चालेना. शेवटी औषधांच्या खोलीशेजारी पडदा लावून खाट दिली. (पडद्याला भोक आहे. बेबाबाईनं ते बघून ठेवलंय.)

मग नवा वाद. भाऊजी म्हणाले, “बाई, आतलं सगळंच काढा. नावालासुद्धा ठेवू नका.” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गर्भाशय जाईल. पण दोन्ही बीजकोश काढले आणि तुमचं इंजेक्शन पुन्हा पावसात अडकलं, तर?”

“तर मिशी जाईल?”

“मिशी राहते हो. हाडं जातात.”

शरीराला आपलं, बीजकोशातलं तरी हार्मोन लागतं नाहीतर सुईतून आलेलं. दोन्ही नसली की ऐन उमेदीत हाडं पोकळ होतात, असं त्यांनी समजावलं. मी शंभर प्रश्न विचारून त्यांना हैराण केलं. भाऊजी तोंड फिरवून पडून राहिले. हा अवयव त्यांना जन्मभर पाहुण्यासारखा वाटलाय, न बोलावलेल्या. संध्याकाळी म्हणाले, “एक ठेवा. पण त्याला सांगा, गप बसायचं.” निर्णय त्यांचा, मी मध्ये पडले नाही. नंतर दोन महिने केळीचा घड उचलायचा नाही, हे मात्र मी त्यांच्याकडून शपथेवर घेतलंय.

तुमची आज्ञाधारक,
इंदिरा

ताजा कलम: एवढं लिहिलं आणि कामाचं राहिलं. रक्त चढवल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही. माझं रक्त जुळलं नाही. सख्ख्या भावाचं जुळण्याचा संभव जास्त, असं बाई म्हणतात. तुम्ही यावं. ह्यांच्या पोटात दुखलं तेव्हाही तुम्ही ‘बघू’ म्हणालात आणि ताक सांगितलंत. ते गेले. तेव्हापासून मी घरात रवीला हात लावलेला नाही, विरजण शेजारी देऊन टाकते. आता तुम्हाला हा एकच भाऊ उरलाय आणि मला हे एकच माणूस.

आणखी एक: पत्र पेटीत टाकायला निघाले तर फाटकात तुम्हीच. पारसमलशेठनं गावात सांगितलं की ऑपरेशन इंदिराबाईचं आहे, म्हणून तुम्ही माझ्यासाठी आलात. पडद्याआड भाऊजींना पाहिलंत आणि स्टुलावर बसलात. बेबाबाईनं विचारलं, “पेशंट तुमना कोन शे?” तुम्ही म्हणालात, “भाऊ,” आणि बाही वर केलीत. रक्त जुळलं. गर्भाशयाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मग मीही नाही. हे सगळं तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही, म्हणून पत्र तुमच्या पिशवीत सरकवणार आहे. घरी गेल्यावर वाचावं.

तुम्ही अजून इथंच आहात आणि पत्र माझ्याकडेच आहे, म्हणून पुढचंही लिहिते. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर भाऊजींनी आधी मिशीला हात लावला. परवा बाईंनी पोट तपासून सांगितलं की आता पातळ ताक द्यायला हरकत नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी भिंतीकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी बेबाबाईची रवी मागून आणली, ताक केलं आणि भाऊजींना पाजलं.