एक टाका जास्त

११ जानेवारी
वहीबाई, माफ कर! आठ दिवस तुला उघडलंच नाही. मनातलं कागदावर आलं की खरं होईल, असं वाटत होतं.

आज चंद्राकडे जाणारी माणसं निघाली. गफूरच्या हॉटेलात टीव्हीवर पाहिलं. धूरच धूर. त्यांचे कपडे शिवणाऱ्यांत माझी नात सना आहे, हे इथे कुवेतला, अख्ख्या फिंतासमध्ये आता सगळ्यांना ठाऊक. मीच सांगत सुटलो होतो. गफूर म्हणाला, "काय मास्टर, चंद्रावरनं दिशदाशाची ऑर्डर आली काय?" सगळे हसले. मीही हसलो. चहा गेला नाही.

१२ जानेवारी
लिहूनच टाकतो.

सना लग्न होऊन अमेरिकेला गेली, पण शिवण माझ्याच दुकानात शिकली. मी तिला सांगायचो — शिवण संपली की मागे ये, आणि वर एक टाका जास्त मार. बगलेत उसवत नाही, गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही. चाळीस वर्षं अरबांचे पायघोळ दिशदाशे शिवताना मी तेच केलं.

आठ दिवसांपूर्वी तिचा फोन. "दादा, इथे टाके मोजून असतात. एक जास्त म्हणजे कापडाला एक भोक जास्त. आज सरावाचा हातमोजा शिवताना माझा हात आपोआप मागे गेला. मग खऱ्यातही गेला असणार ना? उजव्या हाताच्या."

उतरणाऱ्या दोघांत एक बाई आहे. तो हातमोजा तिचा.

मी विचारलं, "तपासणाऱ्यांना दिसलं?"

"नाही. टाक्यावर टाका बसतो."

"मग गप्प बस. नोकरी जाईल."

असं मी म्हणालो. मी!

१३ जानेवारी
सून मुमताज म्हणते, "बाबा, सकाळपासून तीनदा बीपी मोजलंत. मशीन दमेल!" अबरारला काही सांगितलं नाही. बाप आहे सनाचा, उगाच घाबरेल.

१४ जानेवारी
जुन्या कापडाचे दोन तुकडे जोडले. शेवटी तो टाका मारला. ओढलं. फाटलं नाही. दारात अडकवून ओढलं. तरी नाही. बरं वाटलं. मग आठवलं — हे साधं कापड, आणि इथे हवा आहे. मी सातवी शिकलेला माणूस, मला काय कळतंय!

सनाला फोन लावला. 'सांगून टाक' म्हणणार होतो. उचलला नाही.

१५ जानेवारी
फोन बंद.

१६ जानेवारी
उतरले. दोघंही सुखरूप. अबरारनं बकलावा आणला. "बाबा, तुमच्या शाळेची पोरगी!" एक तुकडा खाल्ला. बाहेर चालणार ते उद्या.

१७ जानेवारी
दुपारी दाखवलं. तो एकटाच शिडी उतरला. बाई आतच. बातमीवाला म्हणाला, ऐनवेळी निरोप गेला, तिच्या उजव्या हातमोज्यावर भरवसा नाही. एवढ्या लांब जाऊन ती खिडकीशी बसून राहिली.

म्हणजे सनानं सांगितलं. माझं ऐकलं नाही.

पोरी, नोकरी गेली असेल तर जाऊ दे. रागावली असशील तर तेही लिही. पण एक ओळ पाठव. लवकर पाठव.