चाल : पारंपरिक

अहो,

सही करायला पेन टेकवलं आणि हात थांबला. तुमच्या गाण्याची जुनी तबकडी कॅसेटवर काढायची म्हणून कंपनीचा माणूस मुंबईहून आला होता. कागदावर लिहिलं होतं : शब्द तुमचे, आवाज मालतीबाईंचा, चाल पारंपरिक. मी त्याला "उद्या या" म्हटलं. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगायला हवं.

तो म्हणाला, "काकू, जुन्या तबकडीचे हक्क शोधणं म्हणजे डोकेदुखी. तबकडीचे आम्ही जुन्या कंपनीकडून घेतले. शब्दांचे तुमच्याकडे, वारस म्हणून. चाल पारंपरिक, म्हणजे कुणाचीच नाही."

"आणि गाणारणीचे?"

"कायद्याने काहीच नाही."

मला बरं वाटलं. तुमच्यापासून काय लपवू?

ती तुमच्याकडे गाणं शिकायला दर रविवारी राजापूरहून एस.टी.ने यायची. ओटीवर तुम्ही पेटी घेऊन, समोर ती. मी आत पाट्यावर वाटण वाटत असे. दुसऱ्या ओळीला ती हमखास चुकायची आणि माझा वरवंटा थांबायचा. मग तुम्ही तिला हळू आवाजात काहीतरी सांगायचात. माझ्याशी कधी बोललात तसे?

चाल माझी होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुम्ही विचारलंत, "काय गुणगुणतेस?" सासूबाई शेजारीच तांदूळ निवडत होत्या. सुनेने गाणी रचावीत असं ते घर नव्हतं. मी म्हटलं, "पूर्णगडची आमची आजी म्हणायची." तुम्ही तेच धरून 'पारंपरिक' छापायला दिलंत. दुसऱ्यांदा का नाही विचारलंत?

रेडिओवर लागलं की लोक म्हणत, मालतीबाईंचं गाणं. मी रेडिओ बंद करायचे. तुम्ही पुन्हा लावायचात.

उद्या मी खरं लिहीन. कुणी हसलं तरी लिहीन. तुम्ही छापलेल्या शब्दावर काट मारावी लागेल, तेवढी मारीन.

तुमची
सुधा

ता. क. सकाळी तो आला. साक्षीदार म्हणून त्याने मालतीबाईंनाही बोलावलं होतं. मी 'पारंपरिक' खोडून माझं नाव लिहिलं. तो म्हणाला, "पुरावा काय?" मालतीबाई म्हणाल्या, "मी चुकले की आत वरवंटा थांबायचा. सर म्हणायचे, पुन्हा म्हण, जिची चाल आहे ती थांबली." त्यांनी सही केली.

म्हणजे तिला सांगितलंत. मला नाही.

मी चहा टाकला. मालतीबाईंना साखर किती, ते विचारलं नाही; त्या रविवारांपासून ठाऊक होतं.