तवेंग्वामामांच्या कुत्र्याचं काळीज

थोरल्या मामांना,

ग्वेरूहून शुवाईचा नमस्कार. पत्रातून टाळ्या वाजवता येत नाहीत, तरी खाली बसून रीतीप्रमाणे वाजवल्या असं समजावं. तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे आहोत. कंबर कशी आहे? हरारेतली सूनबाई मक्याचं साझा आता तरी घट्ट रांधते, की अजून खीरच करते? (भाचीनं मामाची थट्टा करायची नाही तर कुणाची?)

काल तुमचे धाकटे बंधू, तवेंग्वामामा, माझ्या दवाखान्यात आले, कुत्र्याला खांद्यावर टाकून. कुत्रा म्हणजे तोच, ‘तुम्हीच थकाल’ नावाचा. (कुंपणावरून तुमचं बोलणं बंद झालं तेव्हा आपल्यातल्या रीतीप्रमाणे त्यांनी टोमणा कुत्र्याच्या नावात घातला. तुम्ही हरारेला मुलाकडे राहायला गेलात, तरी ते रोज संध्याकाळी तुमच्या रिकाम्या अंगणाकडे तोंड करून त्याला हाका मारतात. कुत्रा पायाशीच बसलेला असतो.) पळता पळता तो दोनदा कोसळला होता. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर ठोक्यांच्या मधे फुसफुस. मला ती मुळीच आवडली नाही, आणि मामा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते.

मी सांगितलं की रक्त तपासायचं, हृदयाचा आलेख काढायचा आणि सोनोग्राफी करायची, सगळं मिळून चारशे डॉलर. मामांनी विचारलं, एवढ्यात काळीज दुरुस्त होईल का? म्हटलं, नाही, फक्त बिघाड कळेल. मग घासाघीस सुरू झाली. एकच बाजू तपासली तर निम्म्यात होईल का? माणसाच्या दवाखान्यात गुपचूप नेलं तर? तुझ्या आईला मीच सायकल शिकवली, त्याचं काही नाही? बाहेर एक बाई कोंबडी घेऊन ताटकळत बसली होती, तीही मान डोलवायला लागली. मी चिडून म्हणाले, गावठी कुत्रा आहे मामा, वयही झालंय, नुसत्या गोळ्यांवर ठेवू या, जगेल तितका जगेल.

 मामा कुत्र्याचा कान चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, “शुवाई, हा गेला तर मी थोरल्याशी बोलू कसा?”

 शिवाय बिघाड न कळता चुकीची गोळी दिली तर कुत्रा आठवडाभरही तगणार नाही, हे मला माहीत होतं. तपासण्या करायचं ठरलं. त्यासाठी त्यांनी गाभण शेळीसुद्धा विकली.

मोठ्यांना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुमची भाची,
शुवाई

ता. क. : सोनोग्राफी हरारेलाच होते, शुक्रवारी सकाळी. आदल्या रात्री कुत्र्याला शांत जागा हवी. तिथलं, तुमच्या मुलाचं अंगण प्रशस्त आहे, एवढंच सुचवते.

ता. क. २ : सुचवते कसली, गुरुवारी संध्याकाळी ते दोघं तुमच्या फाटकाशी उभे असतील. मी मामांना मुक्कामाची सोय झाली आहे इतकंच सांगितलं होतं, पण ती तुमच्याकडे आहे हे त्यांनी ओळखलं. मला वाटलं आता पेटतील. ते म्हणाले, “असू दे. बातमी वाईट निघाली तर परक्याच्या घरी मला रडता यायचं नाही.”