चाळिसावी वही

७ सप्टेंबर १९८६, रविवार. श्रूजबरी.
पडदे धुतले. मीना म्हणाली, "आई, ड्रायरमध्ये टाका ना, बॅकयार्डात वाळत घातलेलं इथे बरं दिसत नाही." बाहेर घातलेच. सुनेचं बरोबर असेल, पण ऊन वाया जातं.
दुपारी फोन. ॲरिझोनातून, चँडलर म्हणून गाव आहे तिथून. "काकू, मी दत्ता. कल्हईवाल्या तुकारामांचा दत्तू. सरांचा विद्यार्थी. ओळखलंत?"
ओळखलं म्हटलं.
मोठा इंजिनिअर झालाय. दोन मुली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात ह्यांच्यावर लेख लिहितोय, 'आमचे हेडमास्तर'. "तुम्ही काहीतरी सांगा काकू, घरातले सर कसे होते ते." आठवून सांगते म्हटलं.
आठवायला लागतंय कशाला.

१० सप्टें.
श्रीकांतने तोच विषय काढला. "आई, तूही लिही की बाबांवर. गाव, शाळा, तेव्हाची माणसं. तुझी पत्रं किती छान असतात."
अदिती शेजारी सीरियल खात होती. "आजी, डिड यू गो टू कॉलेज?"
दुसरी यत्ता, म्हटलं.
"सेकंड ग्रेड? अँड देन हू टॉट यू?"
तुझ्या आजोबांच्या शाळेतली मुलं, म्हटलं. "यू आर सो फनी, आजी." नऊ वर्षांची आहे. तिला वाटलं, मी गंमत करते.

११ सप्टें.
लेखासाठी कागद घेतला. आठवेल तसं.
शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. गोविंदा शिपाई ती वाजवायचा. स्वतः ठार बहिरा, म्हणून जरा जास्तच वाजवायचा. पेठेत शंकर न्हावी, दाढी करता करता पेपर मोठ्याने वाचायचा. बातमी रंगली की वस्तरा हवेत. शाळेसमोर चिंच, तिच्याखाली तुकाराम कल्हईवाले, भट्टी आणि भाता घेऊन.
इथवर आलं आणि कागद ठेवून दिला.

१४ सप्टें., रविवार.
दत्ताचा पुन्हा फोन. आधी सगळं चांगलं बोलला. सरांनी फीमाफी मिळवून दिली, सरांनी भूमिती शिकवली. मग मुद्द्यावर आला.
"काकू, एक विचारू? राग नाही ना येणार? सरांनी मला एकदाच मारलं. सहा छड्या. निबंधाची वही दिली नाही आणि वर दिली म्हणून खोटं बोललो, म्हणून. काकू, मी दिली होती हो."
मी हूं म्हटलं.
"छड्यांचं काही नाही. पण आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, कळलं. दोन महिने मला हाक नाही मारली त्यांनी. पुढच्या वर्षी गेलेच. मास्तरांशी खोटं बोललेला पोरगा, एवढंच घेऊन गेले. माझी बायको म्हणते, अहो, लेट इट गो. जात नाही, काय करू? सर घरी कधी काही बोलले होते का?"
नाही म्हटलं. चहा उतू जातोय म्हणून फोन ठेवला. चहा ठेवलेलाच नव्हता.

१५ सप्टें.
आज लिहून काढते. वहीला तरी खरं सांगावं.
हे शनिवारी चाळीस वह्या घरी आणत, रविवारी रात्री तपासून सोमवारी परत नेत. रविवारी दुपारी हे झोपले, सासूबाई झोपल्या, श्री पाळण्यात, की मी एक वही ओढायची. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं. म्हणाल्या, "झालं! आता ही खुर्चीवर बसणार आणि मास्तर भाकऱ्या थापणार." तेव्हापासून लपून.
वकिलांच्या मुलाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. दत्तूचं गोल, मोठं, मोकळं. मला लागायचं ते त्याचंच. म्हणून नेहमी आधी त्याची वही.
त्या रविवारी निबंध होता 'माझे वडील'. चार पानं. मला तीन झाली आणि श्री रडत उठला. वही पिठाच्या डब्यामागे सरकवली. सोमवारी सकाळी हे गठ्ठा उचलून गेले. मनात म्हटलं, एक पान तर राहिलंय, उद्या हळूच ह्यांच्या पिशवीत ठेवू.
संध्याकाळी हे आले. टोपी खुंटीला लावली. म्हणाले, "तुकारामाचा दत्तू आज तोंडावर खोटं बोलला. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती." जेवले नाहीत नीट.
मी वाढत होते. डबा हाताच्या अंतरावर होता.
दुसऱ्या दिवशी वही बंबात घातली. पाणी तापलं, हे त्याच पाण्याने आंघोळ करून शाळेत गेले.

१७ सप्टें.
का बोलले नाही? छत्तीस वर्षं उत्तर शोधते आहे. हे रागावले नसते. हसले असते, तू वाचतेस होय म्हणून. तेवढं हसणं मला नको होतं. त्यासाठी पोराच्या हातावर सहा छड्या राहू दिल्या.
आणि हसले नसतेच. पुढे दहा वर्षांनी गुळाच्या पुडीचा कागद वाचताना ह्यांनी मला पकडलं. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तक आणलं, ते मग शेवटपर्यंत दर आठवड्याला आणत राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं.
दत्तू तेव्हा पुण्याला शिकत होता. त्याचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या वेळी वाटलं, आता कोणाला सांगायचं.

२१ सप्टें., रविवार.
श्री-मीनाला सांगितलं, जेवताना.
श्री म्हणाला, "आई, आता हे कशाला? अंकात छापून येईल. बाबांनी निर्दोष मुलाला मारलं, असंच लोक वाचतील."
मीना पोळी वाढता वाढता म्हणाली, "तुम्ही आठ दिवस धड जेवत नाही आहात. फोन करा."
श्रीने पोळी वाढून घेतली. मग म्हणाला, बघ तुला काय वाटतं ते.
आज दत्ताचा फोन आला नाही. आला असता तर बोलले असते का, माहीत नाही.

२६ सप्टें.
ह्यांचं पितृपक्षाचं पान. खीर, वडे. अळू मिळालं नाही, पालकाच्या वड्या केल्या. ह्यांना चालल्या नसत्या.
सगळे कामाला गेल्यावर फोटोसमोर उभी राहिले. म्हटलं, वही माझ्याकडे होती. मोठ्याने म्हटलं. घरात फ्रिजचा आवाज.
ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. अजून काही सांगायचं असलं की आधी दाराकडे बघते.

२८ सप्टें., रविवार.
मीच दत्ताला फोन केला. नंबर श्रीने लावून दिला आणि बाहेर जाऊन गवत कापायला लागला. परवाच कापलं होतं.
सगळं सांगितलं. डबा, बंब, सगळं. सर चुकले नाहीत, त्यांना ठाऊक नव्हतं, हेही सांगितलं.
मग म्हणाला, "जाळली?"
हो.
"तुम्ही दादांकडे कल्हईला भांडी देत होतात. त्यानंतरही?"
हो. दिवाळीच्या आधी पातेली घेऊन गेले होते. तुकाराम खाली मान घालून म्हणाले होते, "मास्तरीणबाई, खोटं बोलायला मी नाही हो शिकवलं त्याला." हेसुद्धा सांगितलं. लपवायचं आता काय ठेवायचं.
मग त्याने विचारलं, "मी काय लिहिलं होतं त्यात? मला एक अक्षर आठवत नाही. दादांचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे."
मला आठवतं, म्हटलं. ज्या वेगाने मी वाचायची, त्या वेगाने वाचलेलं विसरत नाही.
"लिहून पाठवा." फोन ठेवला. काकू म्हणाला नाही.

५ ऑक्टो., रविवार.
फोन नाही. अदितीकडून रेघांचे कागद घेतले. अक्षर गोल काढते आहे, त्याच्यासारखं.

'माझे वडील भांड्यांना कल्हई लावतात. ते चिंचेखाली बसतात. आधी भांड्यात वाळू घालून त्यात उभे राहतात व पायाने घासतात. तेव्हा ते गोल फिरतात. लोकांना वाटते ते नाचत आहेत. मी भाता ओढतो. नवसागर टाकला की पांढरा धूर होतो व वडील दिसेनासे होतात. मग धूर जातो व वडील दिसतात. भांडे चकचकीत होते. वडील त्यात आपला चेहरा पाहतात व मगच ते भांडे गिऱ्हाइकाला देतात. त्यांना लिहिता येत नाही. म्हणून ते माझी वही पुसलेल्या हातानेच धरतात.'

असं तीन पानं. एकदोन ठिकाणी शब्द इकडेतिकडे असेल. बाकी त्याचंच आहे.

८ ऑक्टो.
तिसऱ्या पानाच्या तळाशी अर्धं वाक्य होतं. 'मोठा झाल्यावर मी माझ्या वडिलांना' — एवढंच. पुढचं चौथ्या पानावर. ते मी वाचलंच नाही. बंबात घालताना उघडून बघायचा धीर झाला नाही.
काल दिवसभर वाटलं, चार ओळी आपणच जुळवाव्यात. जमलं असतं. मुलं काय लिहितात, मला माहीत आहे. नाही जुळवल्या.
अर्धं वाक्य तसंच लिहिलं. त्यामागे एक कोरा रेघांचा कागद लावला. चिठ्ठी: 'दत्ता, हे पान माझं वाचायचं राहिलं. आठवलं तर लिही. लेखात काय छापायचं ते तू ठरव. श्रीकांतलाही मी तसं सांगितलं आहे.' खाली काकू लिहिलं, मग वाटलं तो अधिकार आहे का. खोडलं नाही.
मीनाने पाकीट ऑफिसला जाताना टाकलं. चार दिवस लागतात म्हणाली.